बद्द वाजलेलं स्टूल

१

सकाळी कारखान्याचं दार उघडलं की बाकीचे आधी चहाकडे वळायचे आणि टिचकीबाई आधी टेबलाकडे. आदल्या दिवशी घासून-पुसून तयार झालेला माल त्या लांबलचक टेबलावर जाड कापड अंथरून मांडलेला असायचा. ती एका टोकानं सुरुवात करायची आणि प्रत्येक वस्तूला मधल्या बोटानं टिचकी मारून कान द्यायची. बायका मडकं घेताना मारतात तशी. टण वाजलं तर माल चांगला. बद्द वाजलं तर आत कुठंतरी चीर आहे. ती डोळ्यांना दिसो न दिसो, वस्तू बाजूला. इतकी वर्षं हेच काम केल्यानं तिचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं होतं. एरवी लहानथोर सगळ्यांची ती टिचकीबाई.

माल होता दगड झालेल्या लाकडाचा. पुस्तकांना टेकू द्यायचे ठोकळे, कपाखाली ठेवायच्या चकत्या, वाडगे, घड्याळं, दिव्यांच्या बैठका, स्टुलं. बघावं तर लाकूडच, वर्तुळं, गाठी, साल, सगळं जिथल्या तिथं. हात लावावा तर थंडगार दगड. गिऱ्हाईक आलं की मालकीणबाई मोठ्या हौसेनं सांगायच्या, "लाखो वर्षांपूर्वी ही झाडं चिखलात गाडली गेली. पाणी झिरपत राहिलं. लाकडाचा एक कण गेला, की त्याच्या जागी दगडाचा एक कण येऊन बसला. घाई नाही, गडबड नाही. आपण कधी दगड झालो ते झाडाला कळलंसुद्धा नसेल!"

गिऱ्हाईक हसायचं. टिचकीबाईही हसायची, ऐकून ऐकून पाठ झालं असलं तरी.

त्या दिवशी टेबलाशेजारी जमिनीवर एक स्टूल होतं. खोडाचा जाडजूड काप, वरून आरशासारखा घासलेला, कडेची साल मुद्दाम खडबडीत ठेवलेली. तिनं वाकून टिचकी मारली.

बद्द.

दगड कापणारा यंत्रवाला दिवा घेऊन आला. त्यानं वरून पाहिलं, खालून पाहिलं, पाणी ओतून पाहिलं. चीर कुठेच नव्हती.

"टिचकीबाई, एकदा कान धुऊन या," तो म्हणाला.

"माझा कान शाबूत आहे. तुमच्या यंत्राच्या घरघरीनं तुमचाच गेलाय."

तिनं पुन्हा टिचकी मारली. बद्दच. पण फुटक्या मडक्याचा आवाज पोकळ असतो, हा तसा नव्हता. हा भरलेला होता. ओळखीचाही होता, पण कुठं ऐकलाय ते तिला आठवेना.

मालकीणबाईंनी वाद मिटवला. "टिचकीबाई बद्द म्हणतात ना, मग बद्द. विकायचं नाही. तुमच्या मिस्त्रींना पाय ठेवायला काहीतरी उंच हवंय म्हणत होतात, घेऊन जा घरी."

२

मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. कुणाच्या तरी माळ्यावरचं कपाट बसवताना शिडीवरून पडला आणि उजवा पाय मोडून घरी बसला. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. पाय उंच ठेवायचा, दिवसातून काही वेळा व्यायाम करायचा आणि हळूहळू चालायला लागायचं, असं सांगून झालं होतं.

त्याला घाई होती ती निराळीच. लेकीला दिवस गेले होते आणि पाळणा त्याला स्वतःच्या हातानं करायचा होता. फळ्या आणून खोलीच्या कोपऱ्यात उभ्या केल्या होत्या. दोन बाजू झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. "बाळ आधी येतंय की मी आधी उठतोय, बघू," असं तो रोज म्हणायचा.

स्टूल वर आणताना यंत्रवाला आणि टेम्पोवाला दोघांना धाप लागली. जिन्यात तीनदा टेकवलं. खिडकीपाशी मिस्त्रीच्या खुर्चीपुढे ते ठेवलं तेव्हा खालच्या घरात भांडी वाजली.

मिस्त्रीनं हात फिरवून पाहिला. "वा! सुताराच्या घरात दगडाचं लाकूड. माझी अब्रूच गेली की!"

"बोलू नका, पाय ठेवा."

त्यानं पाय ठेवला आणि खदखदून हसला. "अगं, लोक पायावर धोंडा पाडून घेतात. मी धोंड्यावर पाय ठेवला!"

हा विनोद त्यानं शेजारच्या वहिनींना ऐकवला, फोनवर लेकीला ऐकवला आणि टेम्पोवाल्याला तर त्याच दिवशी दुसऱ्यांदा ऐकवला. घरात पुष्कळ दिवसांनी हसू आलं होतं. टिचकीबाईला वाटलं, चला, बरं झालं आणलं ते.

३

सुरुवात चहाच्या कपापासून झाली.

मिस्त्रीनं चहा पिऊन कप पायाशेजारी स्टुलावर ठेवला होता. तिनं उचलला तर खाली तपकिरी गोल उमटलेला. तिनं ओलं फडकं फिरवलं, कोरडं फिरवलं. डाग जाईना. ती नवल करत बसली. कारखान्यात सगळे याच मालावर कप ठेवायचे. डाग कधीच पडायचा नाही, कारण दगड चहा पीत नाही.

कारखान्यातलं चकाकीचं मेण कमी लागलं असेल, तिनं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी डबीत थोडं मेण आणून चोळलं. मेण जिरलं. तिनं आणखी चोळलं, तेही जिरलं. जवळ वाकल्यावर वास आला, ओल्या सालीचा.

"तुम्हाला वास येतोय का हो?"

"कसला?"

"ओल्या लाकडाचा."

"कोपऱ्यात फळ्या आहेत ना," मिस्त्री म्हणाला. त्याचं खरंच होतं. फळ्या होत्याच.

"आज व्यायाम केलात?"

"करतो की."

"कधी?"

"अगं, इथं फार बरं वाटतंय. जरा बसू दे."

त्याच्या तोंडून 'जरा बसू दे' हे तिनं संसारात कधी ऐकलं नव्हतं. पण आजारपणानं माणूस मऊ पडतो, असंही ती ऐकून होतीच.

४

व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी यायची. चटपटीत आणि बडबडी, मिस्त्रीला काका म्हणणारी. त्या खेपेला तिनं मिस्त्रीचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि तिची बडबड थांबली.

"काका, पाय सैल सोडा."

"सोडलाय."

"नाही, तुम्ही जोर लावताय."

"नाही गं बाई."

तिनं गुडघ्याखाली रबरी हातोडी मारून पाहिली. पाय हलला नाही. जाताना दारात ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, प्लास्टरनंतर कधीकधी सांधे धरतात. पण काकांचा पाय मागच्यापेक्षा जड लागतोय. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या. आणि त्यांना बसून राहू देऊ नका."

टिचकीबाई आत आली. तिला एक युक्ती सुचली. कोपऱ्यातली एक फळी तिनं आडवी घातली, रंधा हातात घेतला आणि मिस्त्रीच्या डोळ्यांदेखत उलट्या रेषेनं मारायला लागली. लाकडाची रेष एका दिशेला जाते. तिच्या उलट रंधा मारला की लाकूड कचाकच उचकटतं. हे कुणी केलं तर मिस्त्री झोपेतूनही ओरडत उठायचा. एकदा तर परक्याच्या दुकानात शिरून त्यानं कुणाच्या हातातला रंधा काढून घेतला होता.

कचकच आवाज झाला. फळीला ओरखडे पडले.

मिस्त्री खिडकीबाहेर पाहत राहिला.

"अहो, बघा तरी, मी काय करतेय."

"कर की," तो शांतपणे म्हणाला.

तिनं रंधा खाली ठेवला.

५

आता तिच्या मनानं दुसरीच वाट धरली. स्टूल नकली असेल. हल्ली काय वाट्टेल ते रसायन ओतून हुबेहूब माल करतात. नकली माल डाग धरतो, बद्द वाजतो, सगळं जुळत होतं. पायाचं काय ते डॉक्टर बघतील. ती स्वयंपाकघरातून सुरी घेऊन आली. खऱ्या मालावर पोलादाचा ओरखडा उठत नाही, ही त्यांच्या धंद्यातली पहिली परीक्षा.

सुरी रुतली. बारीक, ओलसर भुसा निघाला.

रसायनाचा भुसा असा ओलसर नसतो, हे तिला ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी कारखान्यात तिनं विचारलंच. "बाई, ते माझ्या घरचं स्टूल, त्यात काही फसगत तर नाही ना झाली?"

मालकीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक ठोकळा पुढे सरकवला. "त्याच ओंडक्याचा तुकडा आहे हा. करा परीक्षा."

सुरी घसरली, ओरखडा उठला नाही. टिचकी मारली. टण.

"झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली. खरं तर ती नकली मालाच्याच आशेवर होती.

६

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती मिस्त्रीचे पाय पुसायला बसली. खोलीत छान ऊन आलं होतं. डाव्या पायाची नखं कापून झाली. उजवा पाय स्टुलावरच होता. अंगठ्याच्या नखाला नेलकटर लावून दाबलं, तर पातं वाकलं.

जुनं झालंय, तिनं मनाशी म्हटलं. मग टाच पुसायला घेतली. टाच गार होती. ऊन थेट तिच्यावर पडलं होतं, तरी गार. गारठलेल्या माणसाचा पाय गार लागतो, तो गार ओळखीचा असतो. हाही गार तिच्या ओळखीचाच होता, पण माणसाच्या ओळखीचा नव्हे. रोज सकाळी टेबलावर तिच्या बोटांना जो लागायचा, तो.

तिला ते करायचं नव्हतं. तिचं बोट आपसूक वळलं आणि सुटलं.

टण.

स्वच्छ आणि लांबवर घुमणारा. विकायला काढावा इतका चांगला आवाज.

तिनं घोट्याला टिचकी मारली. टण. नडगीला. टण. गुडघ्याच्या जरा खाली आवाज बदलला, भरलेला बद्द झाला, आणि तिथून वर माणूस होता.

"काय करतेस?" मिस्त्रीनं विचारलं. प्रश्न विचारायलाही त्याला वेळ लागला होता.

"काही नाही. अहो, पाय खाली घ्या बरं."

"राहू दे. बरं वाटतंय."

"घ्या म्हणते ना!"

तिनं दोन्ही हातांनी पाय धरून उचलला. उचलेना. स्वतःचे पाय रोवून, दात-ओठ खाऊन ओढला. तसूभर हलला नाही. दमून तिनं टेकायला म्हणून हात स्टुलावर ठेवला, तर स्टूल सरकलं.

दोन धडधाकट माणसांना धाप लावणारं स्टूल. तिच्या हाताच्या नुसत्या भारानं सरकलं.

ती थांबली नाही. तिनं सालीच्या कडेला बोटं रुतवली आणि स्टूल सपकन आपल्याकडे ओढलं. ओल्या मातीतून रोप उपटताना येतो तसा आवाज झाला. चट्‌ चट्‌ चट्‌. टाचेखाली क्षणभर केसांसारखे पांढरे, ओले धागे ताणलेले दिसले, तुटले आणि वर्तुळांत आत गेले. तिनं डोळे मिटून उघडले तेव्हा तिथं चकचकीत पृष्ठभाग होता. टाचेच्या आकाराचा एक उथळ खळगा होता. बाकी काही नाही.

मग तिनं वर पाहिलं. स्टूल निघालं होतं तरी मिस्त्रीचा पाय खाली आला नव्हता. होता तिथंच, तेवढ्याच उंचीवर, हवेत तसाच राहिला होता.

"अगं," मिस्त्री सावकाश म्हणाला, "ते कुठं नेतेस?"

७

सुट्टी असली तरी यंत्रवाला कारखान्यात यंत्र धुवायला आला होता. टिचकीबाई काखेत स्टूल मारून धावत आलेली पाहून त्याचा आ वासला.

"अहो बाई! एकट्या? हे आम्ही दोघांनी..."

"माहितेय. बोलू नका."

त्यानं तिच्या हातातून स्टूल घेतलं, वजन पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हे काही ठीक नाही. चला, यंत्राखाली घालतो, तुकडे करून टाकू."

त्यानं ते यंत्रावर ठेवलंसुद्धा. बटण दाबलं, पातं फिरू लागलं. तिनं पाहिलं, पात्याच्या बरोबर खाली टाचेचा खळगा आला होता.

"थांबा!" ती एवढ्या जोरानं ओरडली की त्यानं दचकून बटण बंद केलं. "कापायचं नाही. मिस्त्रींचं त्यात गेलंय."

"काय गेलंय?"

तिला एवढंच कळत होतं, की जे गेलंय ते याच स्टुलात आहे आणि ते अख्खंच्या अख्खं परत यायला हवं. तिनं इकडे-तिकडे पाहिलं. दगड कापताना पातं तापू नये म्हणून वर सतत पाणी सोडतात. ते पाणी दगडाचं पीठ घेऊन मागच्या हौदात जातं आणि तिथं राखाडी, दाट गाळ साचतो. वर्षानुवर्षं साचलेला. वरून नळाची धार.

लाकडाचा एक कण गेला, की दगडाचा एक कण. शंभरदा ऐकलेलं ते वाक्य तिच्या कानात पहिल्यांदाच शिरलं.

तिनं स्टूल हौदात सोडलं. ते तरंगलं. यंत्रवाला मागे सरला आणि भिंतीला चिकटला. ती काठावर बसली आणि दोन्ही हातांनी ते गाळात दाबून धरलं. गाळ कोपरापर्यंत आला. खालून काहीतरी वर रेटत होतं, जोरानं नव्हे, लहान मूल पांघरूण ढकलतं तसं. तिला रडू आलं.

"बाबा रे," ती त्याला म्हणाली, "तुला पुन्हा झाड व्हावंसं वाटलं, त्यात तुझं काय चुकलं? पण माझं माणूस नको घेऊस. त्याला पाळणा करायचाय. हा घे दगड, हवा तेवढा घे. आणि आमचं आम्हाला दे."

ती किती वेळ बसली होती, ते तिला कळलं नाही. पुढे कधीतरी हातांखालचा जोर कमी झाला. मग थांबला. मग स्टूल जड होऊन आपणहून तळाला गेलं.

८

ती घरी आली तेव्हा मिस्त्रीचा पाय जमिनीवर होता.

तिनं लगेच टिचकी मारली नाही. तिची हिंमत झाली नाही. नुसता हात ठेवला. गार होता, पण मघासारखा नाही. डॉक्टरांनी तपासलं, रक्ताभिसरण म्हणाले, गोळ्या दिल्या. तिनं त्या वेळेवर चारल्या. दिवस जात होते आणि पाय कणाकणानं परत येत होता. आधी गुडघ्याखालचा भाग कोमट झाला, मग नडगी, मग घोटा. व्यायामवाली मुलगी पुन्हा बडबडू लागली होती. मिस्त्री मात्र गप्पच बसायचा. पायाचं ठीक होतं, पण तो स्वतः परत आला होता की नाही, ते तिला समजत नव्हतं.

एका सकाळी तिनं पुन्हा फळी आडवी घातली. ओरखडे पडलेलीच. रंधा घेतला, मन घट्ट केलं आणि उलट्या रेषेनं मारला.

कच्च.

काही नाही. तिनं मान खाली घातली आणि पुन्हा मारला. कच्च. आणखी एकदा. डोळ्यांतलं पाणी फळीवर पडलं.

"अगं ए!"

ती दचकली.

"अगं, लाकडाचा काय जीव घेतेस? उलटा! उलटा मारतेयस! आंधळी झालीस का? रेष दिसत नाही तुला? ठेव तो रंधा! ठेव म्हणतो ना!"

मिस्त्री खुर्चीतून उठला होता. काठी घ्यायचं विसरून, लंगडत, तीन-चार पावलं टाकून तो तिच्यापर्यंत आला आणि त्यानं तिच्या हातातून रंधा हिसकावून घेतला. मग फळीवरून हात फिरवला आणि त्याच्या तोंडून 'अरेरे' निघालं. "वाटोळं केलंस. बाळाला ओरखडे लागतील ना! सरक बाजूला. आणि रडायला काय झालं? एवढंही काही बोललो नाही मी."

"बोला," ती म्हणाली. "आणखी बोला."

पाळणा झाला. बाळ येण्याच्या आधी झाला. मिस्त्रीनं तेही सगळ्यांना ऐकवलं. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख तेवढं अजून कुठल्याही नेलकटरला दाद देत नाही. तो ते कानशीनं घासतो आणि म्हणतो, "सुताराला असं एखादं नख असावं."

यंत्रवाल्यानं पुढे हौद उपसला तेव्हा स्टूल सापडलं. हलवायला तिघं लागले. टिचकीबाईनं टिचकी मारली, ते टण वाजलं. वरचा खळगा मात्र तसाच होता, जणू ओल्या मातीत कुणी टाच ठेवून उठून गेलं होतं. विकायचं नाही, असं ती म्हणाली आणि मालकीणबाईंनी कारण विचारलं नाही. ते आता हौदाशेजारी असतं. त्याच्यावर कुणी बसत नाही.

रोज सकाळी ती अजून टेबलाच्या एका टोकानं सुरुवात करते. टण, टण, टण. कधी एखादी वस्तू बद्द वाजली, की ती आता नुसती बाजूला ठेवत नाही. उचलते आणि मुकाट्यानं हौदाच्या गाळात ठेवून येते.

आणि सुट्टीच्या दुपारी मिस्त्रीचा डोळा लागला, हात-पाय पसरून तो घोरायला लागला, की ती हळूच त्याच्या उजव्या नडगीला टिचकी मारते.

बद्द.

जन्मभर जो आवाज तिनं बाजूला काढला, तो ऐकून ती निवांत होते. मिस्त्री झोपेतच पाय झटकतो आणि पुटपुटतो, "काय गं कटकट..."

"काही नाही. झोपा," ती म्हणते आणि मग चहा टाकते.